लागू नसेल ते खोडावे

हिरडेमळ्याच्या शाळा क्रमांक तीनमध्ये मुलांना आपल्या व्यवसायाची ओळख करून द्यायला जो पाहुणा येतो, त्याच्यासाठी शाळेचं फाटक परत तेव्हाच उघडतं, जेव्हा चौथीतल्या निदान एका मुलाला मनापासून त्याच्यासारखं व्हावंसं वाटतं. तसं कोणालाच वाटलं नाही, तर पाहुणा शाळेतच राहतो. ही गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती, शिवाय निमंत्रणपत्राच्या शेवटी छापलेलीही असे, त्यामुळे नंतर तक्रार करायला कोणाला तोंड नसे.

फाटक साधंच होतं, लोखंडी, हिरव्या रंगाचं. मुलं, बाई, खिचडी शिजवणाऱ्या मावशी रोज त्यातून जात-येत. अडचण फक्त पाहुण्यांची. काहींनी भिंतीवरून जायचा प्रयत्न करून पाहिला होता, पण पलीकडे उडी मारली की माणूस अलीकडेच पडायचा आणि गुडघे फुटायचे ते वेगळं. नगरपरिषदेने एकदा ठराव करून फाटक बदललं. नव्या फाटकाने जुन्याकडून कार्यभार घेतला आणि काम पुढे चालू राहिलं.

बहुतेकांना त्रास होत नसे. जेसीबी चालवणारे उस्मानभाई "मी जेसीबी" एवढंच म्हणाले होते, तोवर फाटक सताड उघडलं, ते संध्याकाळपर्यंत मिटेना, आणि गावातल्या म्हशी आत येऊन व्हरांड्यात बसल्या. एक मोठे साहेब मात्र चार दिवस अडकले होते. पाचव्या दिवशी त्यांच्या गाडीचं दार दुसरंच कोणीतरी उघडतं हे एका मुलाला कळलं आणि साहेब सुटले. सगळ्यांचं नशीब असं नसतं. विमा सल्लागार नंदकुमार बेलसरे सहा वर्षं शाळेत होते आणि टंकलेखनाचे वर्ग चालवणाऱ्या कुमुदिनी दाभोळे नऊ वर्षं. बेलसरे खिचडीची चव बघत, दाभोळेबाई घंटा देत. दोघांचा स्वभाव चांगला होता, मुलांचा दोघांवर जीव होता. पण त्यांच्यासारखं व्हायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं.

पद्माकरराव घोटणे, वय त्रेपन्न, हे गावातल्या कचेरीत प्रपत्र शाखेत होते. शाखा म्हणजे ते एकटेच. लोक जे अर्ज भरतात, ते कोरे असताना कसे दिसावेत हे ठरवणं, हे त्यांचं काम. नावाला किती जागा सोडायची, पत्त्याला किती ओळी द्यायच्या, दिनांक वर की सही वर, हे सगळं कोणीतरी ठरवलेलं असतं, आणि हिरडेमळ्यात ते पद्माकररावांनी ठरवलेलं असे. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी एकशे बारा नमुने तयार केले होते. 'लागू नसेल ते खोडावे' ही ओळ ही त्यांची सगळ्यात मोठी कामगिरी. ओळ त्यांची नव्हे, ती पूर्वापार चालत आलेली. पण ती पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत असायची आणि लोकांच्या नजरेतून निसटायची. पद्माकररावांनी तिला वर उचलून थेट चौकटीत आणून बसवलं. या विषयावर ते एकदा लग्नाच्या पंगतीत बोलायला लागले, तेव्हा शेजारचा गृहस्थ हात धुवायला म्हणून उठला तो परत आलाच नाही, आणि त्याच्या पानात तर अजून मसालेभात तसाच होता. आपण कंटाळवाणे आहोत की काय, अशी शंका पद्माकररावांना अधूनमधून येई, पण ती कुठे नोंदवावी हे त्यांना समजत नसे.

कचेरीला दर वर्षी एक माणूस शाळेत पाठवावा लागे. शाळेचं पत्र आलं की सगळ्यांच्या पाठी एकदम धरत. यंदा पद्माकररावांनी आपणहून नाव दिलं. कार्यक्रम गुरुवारी होता आणि त्यांच्या मुलीचा, ऋजुताचा, साखरपुडा रविवारी. रविवार तोंडावर आलेला असताना ही नसती उठाठेव कशाला, असं त्यांच्या पत्नीने, सुलभाताईंनी, विचारलं. पद्माकररावांनी सांगितलं की सतरा मुलांत एखादं तरी नीटनेटक्या स्वभावाचं निघतंच, साडेबाराला जेवायला घरी असेन.

खरी गोष्ट वेगळी होती. होणाऱ्या व्याह्यांनी पहिल्या भेटीत 'आपण काय करता?' असं विचारलं होतं. पद्माकररावांनी ते सविस्तर सांगितलं होतं. व्याही 'असं, असं' म्हणाले होते आणि मग सुलभाताईंकडे वळून पोह्यांची चौकशी करू लागले होते. त्या 'असं, असं'ला उत्तर म्हणून पद्माकररावांना शाळेच्या फाटकातून ताठ मानेने बाहेर यायचं होतं. एवढ्यासाठी मुलीचा साखरपुडा पणाला लावणारा माणूस हिरडेमळ्यात दुसरा नव्हता, हे त्यांनी स्वतःशी पुढे अनेकदा कबूल केलं.

गुरुवारी अकरा वाजता मुख्याध्यापिका हेमलता बाराते यांनी त्यांचं गुलाबाचं फूल देऊन स्वागत केलं आणि रात्रीच्या औषधगोळ्या बरोबर आणल्यात का, असं हळूच विचारलं. पद्माकररावांनी हसून दुर्लक्ष केलं. त्यांनी बगलेत एकशे बारा नमुन्यांची फाईल आणली होती. त्यांनी फळ्यावर एक चौकट काढली, तिच्या शेजारी तशीच दुसरी काढली, आणि दोन चौकटींत अंतर किती असावं यावर पाऊण तास बोलले. वर्ग शांत होता. ही शांतता एकाग्रतेची आहे, असा त्यांचा समज झाला.

मग प्रश्नोत्तरं झाली. पहिल्या बाकावरच्या भैरवी लोणारेने विचारलं, हे अर्ज तुम्ही भरता का? पद्माकरराव म्हणाले, नाही, लोक भरतात. तिने विचारलं, मग तुम्ही वाचता का? ते म्हणाले, नाही, ते संबंधित शाखा वाचते.

"मग तुम्ही काय करता?"

"मी अर्ज कोरा असतानाच बघतो," पद्माकरराव म्हणाले.

आपलं वाक्य आपल्याच कानांवर पडल्यावर त्यांना कसंतरी झालं. बारातेबाईंनी रीतीप्रमाणे विचारलं, घोटणेसाहेबांसारखं कोणाकोणाला व्हावंसं वाटतं? एका मुलाने दप्तराची चेन लावली. दुसऱ्याने ती उघडली. साडेबारा वाजता पद्माकरराव फाटकाशी गेले, फाटकाला हात लावला, मग दोन हात लावले. शेवटी बेलसरे आले आणि त्यांना खिचडीच्या रांगेत घेऊन गेले.

शुक्रवारी त्यांना दुसरी संधी मिळाली. ओळख एकदाच करून द्यायची असं कुठे लिहिलेलं नव्हतं. बेलसऱ्यांनी सहा वर्षांच्या अनुभवावरून सल्ला दिला की मुलांना कागद दाखवू नका, वस्तू दाखवा. पद्माकररावांच्या पिशवीत एक रबरी शिक्का होता. तो त्यांनी काढला, निळ्या शाईत टेकवला आणि कागदावर ठप्पकन मारला. इरफान मुलाणी नावाचा मुलगा बाकावरून अर्धा उठला. त्याने विचारलं, हा रोज मारायला मिळतो? कितीही वेळा? त्याच क्षणी बाहेरून मावशींची हाक आली की फाटक हललं. फाटक एक वीत उघडलं होतं आणि आणखी उघडत होतं. पद्माकररावांनी फाईल बगलेत मारली. इरफानने विचारलं, हा शिक्का तुमचाच ना?

हो म्हणायला एक क्षण लागला असता. पण अठ्ठावीस वर्षांची सवय आडवी आली. पद्माकरराव म्हणाले, शिक्का तसा आवक शाखेचा, मी तो सही करून दोन दिवसांपुरता आणलाय, आमच्या शाखेला शिक्का नसतो. इरफान खाली बसला. फाटक मिटलं.

"दोन मिनिटं गप्प बसला असतात तर आत्ता रस्त्यावर असतात," बेलसरे म्हणाले. पद्माकररावांना हे मान्य होतं. खोटं बोलायची हिंमत नसण्याला आपण आयुष्यभर प्रामाणिकपणा म्हणत आलो की काय, असाही विचार त्यांच्या मनात येऊन गेला.

मधल्या सुट्टीत भैरवी त्यांच्याजवळ आली. ऋजुताताईच्या साखरपुड्याचं तिला कळलं होतं. मी मनापासून वाटून घेऊन बघते, असं ती म्हणाली आणि डोळे गच्च मिटून व्हरांड्यात उभी राहिली. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या, मुठी आवळल्या गेल्या. पद्माकरराव फाटकाकडे बघत होते. फाटकावर एक कावळा येऊन बसला, तेवढंच.

"मी खूप प्रयत्न केला," भैरवी डोळे उघडून म्हणाली. "पण नाही वाटत. सॉरी, सर."

पद्माकररावांनी तिला असू दे म्हणून सांगितलं. त्यांना इतकं वाईट कधीच वाटलं नव्हतं. बढती हुकली तेव्हाही नाही. बढतीच्या वेळी निदान कोणी डोळे मिटून प्रयत्न तरी केला नव्हता.

दुपारी कचेरीतून शाळेच्या फोनवर फोन आला. दुसऱ्या दिवशी का होईना, आपली आठवण झाली म्हणून पद्माकरराव धावत गेले. पलीकडून हेड क्लार्कने विचारलं की प्रपत्र शाखेच्या कपाटाची किल्ली कुठे आहे, त्यात पंखा ठेवायचा आहे. किल्ली पद्माकररावांच्या खिशात होती. बाहेर आलो की देतो, ते म्हणाले. घाई नाही, असं उत्तर आलं.

संध्याकाळी सुलभाताई डबा घेऊन फाटकाशी आल्या. गजांमधून डबा आत जात होता, माणूस तेवढा बाहेर येत नव्हता. हॉलचं, फुलांचं, गुरुजींचं सगळं त्यांनी उरकलं होतं. व्याह्यांना त्यांनी सांगितलं होतं की हे सरकारी कामावर आहेत. पद्माकरराव बाकावरच्या मुलासारखे मान खाली घालून भरलं वांगं खात राहिले. मग म्हणाले की इतक्या वर्षांत आपला एकही नमुना कोणाला आवडला नाही, हे आज कळलं. तुला तरी त्यातला एखादा आवडला होता का, असं त्यांनी विचारलं.

 सुलभाताई तेवीस वर्षं घरी ब्लाउज शिवत होत्या. गावातल्या निम्म्या बायका त्यांच्याकडेच येत, आणि बाही बसवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पद्माकरराव या कामाला 'तिचं ते मशीन' म्हणत.

"तुमच्या कुटुंब माहितीच्या अर्जात दोनच गोष्टी आहेत," त्या म्हणाल्या. "पत्नी गृहिणी, नाहीतर पत्नी नोकरी. लागू नसेल ते खोडावे. मी दर वर्षी दोन्ही खोडते. तुम्ही कधी बघितलं नाहीत."

"मी भरलेले अर्ज बघत नाही," पद्माकरराव म्हणाले.

"ते माहीत आहे मला," सुलभाताई म्हणाल्या आणि रिकामा डबा घेऊन गेल्या. पद्माकरराव गज धरून बराच वेळ उभे राहिले. त्यांना त्या नमुन्याचा क्रमांकही आठवत होता, आणि तो आठवतो याची त्यांना लाज वाटली.

शनिवारी सकाळची शाळा. परिपाठ झाला तेव्हा बारातेबाईंचा चेहरा उतरलेला होता. सोमवारी पटपडताळणी होती. म्हणजे वरून माणसं येणार, मुलं मोजणार, आणि चौथीचा पट वीसच्या खाली असला तर वर्ग बंद करून मुलं हायवेपलीकडच्या शाळेत पाठवणार. पट सतरा होता. बाई तीन कोरे प्रवेश अर्ज हातात घेऊन बसल्या होत्या आणि गावात चौथीच्या वयाचं एखादं मूल घरी राहिलंय का, हे मावशींना विचारत होत्या. कुठलंही राहिलेलं नव्हतं.

पद्माकररावांनी तो अर्ज दुरूनच ओळखला. नमुना प्र-चार. त्यांनी तो नोकरीच्या नवव्या वर्षी केला होता. त्यात एक चूक होती. ती छपाईनंतर आठ दिवसांनी त्यांच्या लक्षात आली होती आणि तेव्हापासून एकोणीस वर्षं ती त्यांनी मनात दडवून ठेवली होती. अधूनमधून रात्री दचकून जागं व्हायला त्यांना तेवढी एक गोष्ट पुरत असे. कोणाच्या लक्षात येऊ नये एवढीच त्यांची इच्छा होती, आणि त्यांच्या नमुन्यांकडे कोणी बघत नसल्यामुळे ती पूर्ण झाली होती.

ते बाईंच्या टेबलापाशी गेले आणि खाकरले.

"बाई, रकाना सहा वाचा. मी एक चूक करून ठेवली आहे."

बाईंनी वाचला. 'प्रवेशाच्या दिनांकास वय सहा वर्षे पूर्ण असावे.' त्यात चूक काय ते त्यांना दिसेना. पद्माकरराव म्हणाले, किमान वय दिलंय, कमाल वय घालायचं राहून गेलं. चौथी आधी पास झालेली नसावी, असंही कुठे नाही. बाईंनी रकाना तीनदा वाचला. मग त्यांनी पद्माकररावांकडे पाहिलं, खिचडीच्या पातेल्याशी उभ्या असलेल्या बेलसऱ्यांकडे पाहिलं, घंटेखाली स्टुलावर बसलेल्या दाभोळेबाईंकडे पाहिलं, आणि बोटांवर अठरा, एकोणीस, वीस असं मोजलं.

फाटकाचा मुद्दा बेलसऱ्यांनी काढला. फाटक पाहुण्यांना अडवतं, विद्यार्थ्यांना अडवत नाही. विद्यार्थी शाळा सुटली की घरी जातात. हे ऐकून दाभोळेबाईंनी नऊ वर्षांत पहिल्यांदाच घंटा चुकवली.

अर्जावर पालकाची सही लागत होती, म्हणून निरोप गेले. बेलसऱ्यांचा मुलगा आता कॉलेजात होता, तो मोटारसायकलवरून आला आणि वडिलांच्या अर्जावर सही करून गेला. दाभोळेबाईंच्या आई एक्क्याऐंशी वर्षांच्या, त्या रिक्षातून आल्या. सही करताना त्यांनी बारातेबाईंना सांगितलं की मुलगी अभ्यासात हुशार आहे, फक्त गणिताकडे लक्ष द्या. सुलभाताई फाटकाशी आल्या, त्यांनी अर्ज गजांवर टेकवून वरपासून खालपर्यंत वाचला आणि 'पालकाचा व्यवसाय' या चौकटीपाशी थांबल्या. तिथे कुठलेही पर्याय दिलेले नव्हते, नुसती जागा होती. त्यांनी तिथे 'शिवणकाम' असं लिहिलं. अक्षर मोठं होतं, ते चौकटीच्या बाहेर गेलं. एरवी पद्माकरराव असल्या गोष्टीला हरकत घेत.

आता रकाना अकरा उरला. 'विद्यार्थी नोकरी-व्यवसाय करतो / करत नाही. लागू नसेल ते खोडावे.' लहान मुलांना कोणी कामाला लावू नये म्हणून हा रकाना घातला होता. वास्तविक त्यात 'करतो' हा शब्द हवाच कशाला? पण तो नसता तर खोडायला काही उरलं नसतं आणि चौकट अधू दिसली असती, म्हणून पद्माकररावांनी तो घातला होता. बेलसऱ्यांनी 'करतो' एका झटक्यात खोडलं. दाभोळेबाईंनी पट्टी लावून खोडलं. पद्माकरराव पेन उघडून बसून राहिले.

अठ्ठावीस वर्षं ते दुसऱ्यांना खोडायला सांगत आले होते. खोडताना माणसाला काय होतं, हे कोणी त्यांना कळवलं नव्हतं, आणि कळवायला नमुन्यात जागाही नव्हती. प्रपत्र शाखेचे घोटणे नसू, तर आपण कोण, हा प्रश्न त्यांना पडला. मग भैरवीचे मिटलेले डोळे त्यांना आठवले. त्यांनी 'करतो' या शब्दावरून एक आडवी रेघ ओढली. रेघ जरा वाकडी आली. मग शाळेच्या वहीतल्या पानावर त्यांनी दोन ओळींचा राजीनामा लिहिला आणि कचेरीत द्यायला म्हणून सुलभाताईंकडे दिला.

"पद्माकर, रांगेत उभा राहा," बारातेबाई म्हणाल्या. साडेअकरा होत आले होते.

रांग उंचीप्रमाणे होती. पुढे सतरा मुलं, मग दाभोळेबाई, मग बेलसरे, शेवटी पद्माकरराव. घंटा झाली. मुलं बाहेर गेली. दाभोळेबाई दोन्ही हातांनी पदर धरून बाहेर गेल्या आणि रस्त्यावर जाऊन मागे न बघता चालत सुटल्या. बेलसरे गेले. पद्माकरराव पुढे झाले आणि फाटक त्यांच्या तोंडावर मिटलं.

पलीकडे सुलभाताई होत्या, ऋजुता होती. ऋजुताच्या हातांवर मेंदी होती, त्यामुळे तिला गज धरता येत नव्हते. बेलसरे बाहेरून ओरडले की घोटणे, तुमच्याकडे अजून काहीतरी आहे, बघा. पद्माकररावांनी बगलेतली एकशे बारा नमुन्यांची फाईल काढून खाली ठेवली. फाटक हललं नाही. त्यांनी खिसे चाचपले. किल्ली हाताला लागली, कपाटाची. त्या कपाटात आता फक्त पंखा ठेवायचा होता, तरी त्यांना ती चटकन सोडवेना. त्यांनी ती गजांतून सुलभाताईंच्या हातात दिली.

फाटक उघडलं. सगळ्या मुलांसाठी उघडतं तसंच, थोडं कुरकुरत.

रविवारी साखरपुडा व्यवस्थित पार पडला. सोनपापडीचे डबे वाटून झाल्यावर व्याही पद्माकररावांच्या शेजारी येऊन बसले आणि बोलायला विषय हवा म्हणून म्हणाले, हं, मग आपण सध्या काय करता?

"चौथीत आहे," पद्माकरराव म्हणाले.

व्याही या वेळी पोह्यांकडे वळले नाहीत. कोणती शाळा, वर्गात किती मुलं, बाई कशा आहेत, हे सगळं त्यांनी आपुलकीने विचारलं. पद्माकरराव अर्धा तास बोलले आणि कोणीही हात धुवायला उठलं नाही. तेवढ्यात मुलाकडची एक म्हातारी आत्या काठी टेकत आली. शाळेत जाणाऱ्याला विचारतात ते तिने विचारलं, मोठेपणी कोण व्हायचं ठरवलंस?

पद्माकररावांनी खूप विचार केला. त्यांना हा प्रश्न शेवटचा कधी विचारला गेला होता ते आठवेना, आणि तेव्हा त्यांनी प्रपत्र शाखा असं उत्तर दिलं नव्हतं एवढं मात्र नक्की आठवलं.

"अजून नाही ठरलं," ते म्हणाले. आत्या म्हणाली, काही घाई नाही, आणि त्यांच्या हातावर पेढा ठेवला.

सोमवारी पटपडताळणी झाली. वरून आलेल्या माणसांनी डोकी मोजली, ती वीस भरली, त्यांनी अर्ज तपासले आणि ते नमुन्यानुसार आहेत असा शेरा दिला. बेलसरे पाण्याची बाटली गळ्यात अडकवून वेळेवर आले होते. दाभोळेबाईंची वेणी त्यांच्या आईने घातली होती. हजेरी क्रमांक वीस पद्माकर घोटणे याला शेवटच्या बाकावर, इरफान मुलाणीच्या शेजारी जागा मिळाली. त्याच्या फाईलमधले एकशे बारा नमुने पाठकोरे असल्यामुळे चित्रकलेच्या तासाला वाटले गेले. कचेरीतून मंगळवारी पत्र आलं की राजीनामा विहित नमुन्यात सादर करावा. विहित नमुना प्रपत्र शाखेने कधी तयार केलेला नव्हता, त्यामुळे ते प्रकरण तिथेच राहिलं.

गुरुवारी नवीन पाहुण्या आल्या. त्यांनी आपणहून शाळेत पत्र दिलं होतं आणि निघताना घरी वरण-भाताचा कुकर लावून ठेवला होता. बारातेबाईंनी गुलाबाचं फूल दिलं आणि गोळ्यांबद्दल विचारलं. सुलभाताई म्हणाल्या, मला कसल्या गोळ्या नाहीत.

त्यांनी भाषण केलं नाही. टेबलावर निळ्या रंगाचं कापड पसरलं, खडूने एक वाकडी रेघ काढली आणि कात्री चालवली. सपाट कापडातून गोल खांदा कसा निघतो ते त्यांनी दाखवलं. बाही बसवताना कापड ओढायचं नसतं, त्याला आपण होऊन वळू द्यायचं असतं, असं त्या म्हणाल्या. मुलं बघत होती. भैरवीने विचारलं की चुकलं तर काय करता? सुलभाताई म्हणाल्या, उसवते आणि पुन्हा टीप घालते, कापड तेच असतं. पद्माकररावांनी हे हात तेवीस वर्षं एकाच घरात पाहिले होते. म्हणजे पाहिले नव्हतेच. ते बाकावर पुढे सरकले, मग आणखी पुढे सरकले. 

बारातेबाईंनी अजून प्रश्न विचारलाही नव्हता. बाहेरून मावशींची हाक आली की बाई, फाटक उघडलं, सताड उघडलं, म्हशी आत येतायत.

बाईंनी वर्गावरून नजर फिरवली. शेवटच्या बाकावर एक हात वर होता. त्यांनी वहीत हजेरी क्रमांक वीससमोर खूण केली.

सुलभाताईंनी कात्री बाजूला ठेवली आणि त्या हाताकडे जरा वेळ बघितलं.

"घरी आलं की आधी गृहपाठ," त्या म्हणाल्या. "मग वर्षभर नुसती काजं आणि बटणं. ब्लाउजला हात लावायचा नाही."

पद्माकररावांनी ते वहीत लिहून घेतलं.